सर्वानुमते मंजूर

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी, असा महाराष्ट्रात कायदा आहे. हा कायदा लिहिणाऱ्याने खजिनदाराचा विचार केलेला दिसत नाही. गणपती गेले की लोक नवरात्राची वाट बघतात. मधे जो पितृपंधरवडा येतो त्यातच नेमकी आमची सभा पडते. गेलेल्यांना जेवू घालायचं आणि असलेल्यांची बोलणी खायची, असा तो काळ.

मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. म्हणजे होतो. ते पुढे येईलच. हिशेब माझे चोख असतात, पै न् पै जुळते. पण हिशेब जुळणं वेगळं आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या जनतेपुढे उभं राहून ते वाचून दाखवणं वेगळं. आमच्याकडे माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यातले तीनशेदोन हे सरकारी खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. अहवालाची प्रत मिळाली की ते ती लाल पेन हातात घेऊनच वाचतात. पाण्याची टाकी धुण्याचा खर्च अठराशे रुपयांनी का वाढला, यावर त्यांनी मागच्या सभेत मला पाऊण तास उभं ठेवलं होतं. तेवढ्यात टाकी धुऊन झाली असती.

तर ऑगस्टपासून माझी झोप उडाली. रात्री अपरात्री जाग यायची, छाती धडधडायची, तळव्यांना घाम फुटायचा. आरशासमोर ‘सन्माननीय सभासदहो’ म्हणून पाहिलं तर ‘सन्मान’पर्यंत आवाज माझा असायचा आणि ‘नीय’पासून कुणातरी शाळकरी पोराचा. शेवटी हिने ढकलून आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रक्तदाब पाहिला, थायरॉइड तपासायला सांगितलं आणि दिवसाला चहा किती, असं विचारलं. मी खरा आकडा सांगितला नाही. मग त्यांनी संध्याकाळचं चालणं, दुपारनंतर चहा बंद आणि एका समुपदेशक बाईंचा पत्ता, एवढं लिहून दिलं.

मला गोळी हवी होती. आपल्याकडे कागदावर गोळी नसेल तर डॉक्टरांची फी वाया गेल्यासारखी वाटते. मी खुर्चीतून उठेचना, तेव्हा नाइलाजाने त्यांनी लिहिलं: अल्प्राझोलाम ०.२५, रात्री एक, फक्त पाच दिवस. आणि बजावलं, “पहिली गोळी घरी घ्यायची, झोपायच्या वेळी. अंगाला कशी लागते ते कळू दे. सभेच्या दिवशी पहिल्यांदा घेऊन प्रयोग करू नका. गाडी चालवायची नाही, दारूचं नाव काढायचं नाही. आणखी कुठलं औषध चालू आहे?”

“नाही,” मी म्हणालो.

आता, सर्दीसाठी मी रोज लिव्होसेटिरिझिन घेत होतो हे खरं. पण पावसाळ्यात ते कोण घेत नाही? त्याला औषध म्हणायचं तर आल्याच्या चहालाही म्हणावं लागेल. दुसरी एक कॅप्सूलही चालू होती. त्याचं असं, की भर पावसात लोकलने जा-ये करणाऱ्या माणसाला ओल्या कपड्यांचा जो प्रसाद मिळतो तो मला मिळाला होता. नायटा. आणि तोही अशा जागी, की ती जागा सभ्य घरात बोलून दाखवत नाहीत, नुसती मान वळवून खोकतात. दुसऱ्या गल्लीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी त्यावर इट्राकोनॅझोल दिलं होतं. ती कॅप्सूल मी दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवायचो, हिच्या दृष्टीआड. नायट्याचा आणि चिंतेचा काय संबंध? चिंता कमरेच्या वर, नायटा कमरेच्या खाली. मधे पट्टा.

चिठ्ठी घेऊन निघालो तर नवीन पेच. ही गोळी शेड्यूल एच-वन नावाच्या यादीत येते. १ मार्च २०१४ पासून नियम असा, की या यादीतलं औषध देताना केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम चांगला आहे. पण आमचा केमिस्ट इमारतीच्या तळमजल्यावर. त्याचं रजिस्टर काउंटरवर पसरलेलं, आणि तीनशेदोन तिथूनच रक्तदाबाची गोळी नेतात. उघडं रजिस्टर समोर आहे आणि निवृत्त लेखापरीक्षक त्यात डोकावला नाही, असं आजवर झालेलं नाही. खजिनदाराला चिंतेची गोळी लागते ही बातमी सभेआधी फुटली असती, तर लोकांनी टाकीचा खर्च सोडून मुदतठेवींचीच पावती मागितली असती.

म्हणून मी चारशेएकच्या काकूंकडे गेलो. काकू सत्तरी ओलांडलेल्या, मला लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या. त्यांच्याकडे ही गोळी असते हे सगळ्यांना ठाऊक, कारण त्या ती प्रसादासारखी वाटतात. “अरे, घेऊन जा ना दोन. मेली झोप येत नाही म्हणून मीही घेते. बारकीशी तर असते.” असं म्हणत त्यांनी कात्रीने पट्टीचा तुकडा कापून दिला.

तो तुकडा मी अजून ठेवला आहे. चांदीच्या रंगाची पन्नी, त्यात दोन फुगवटे. मागच्या बाजूला औषधाच्या नावाचं शेवटचं शेपूट तेवढं होतं. किती मिलिग्रॅमची गोळी, ते काकूंच्या अर्ध्या पट्टीकडे राहिलं. वरच्या कोपऱ्यातली लाल रंगातली ‘एनआरएक्स’ ही खूण तिकडेच. अशा पट्टीवर लाल अक्षरांत इंग्रजी सूचना असते, की हे औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे. कात्री अशी काही चालली होती, की ‘धोक्याचं’ काकूंच्या वाट्याला गेलं आणि ‘वैद्यकीय सल्ला’ माझ्या. मला तो शुभशकुन वाटला.

डॉक्टरांनी सांगितलेली गोळी पाव मिलिग्रॅमची. काकूंची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची निघाली, पण ते नंतर. त्या दिवशी कळलं असतं तरी मी हसलोच असतो. ताप आला की आपण पॅरासिटामॉल साडेसहाशे मिलिग्रॅमचं घेतो. पाव मिलिग्रॅम म्हणजे त्याचा सव्वीसशेवा भाग; मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून पाहिला. एवढ्याशा गोष्टीने पंच्याऐंशी किलोच्या खजिनदाराला काय होणार? डॉक्टर जपून वागतात, त्यांना कोर्टकचेऱ्यांची भीती असते, असा निष्कर्ष मी काढला.

घरी रात्री घेऊन पाहा, हा भाग मी वगळला. दोनच गोळ्या, रिहर्सलमध्ये एक कशाला घालवायची?

सभा रविवारी पाच वाजता. चार वाजता पहिली गोळी घेऊन मी पलंगावर बसलो आणि शांततेची वाट पाहू लागलो. सव्वाचार झाले. काही नाही. उलट खालून खुर्च्या मांडल्याचा आवाज आला आणि पोटात गोळा उठला. साडेचारला माझी खात्री पटली की काकूंची गोळी जुनी, उतरलेली आहे. दुसरीही घेतली.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ही गोळी तोंडाने घेतल्यावर तिचं रक्तातलं प्रमाण शिखराला पोचायला साधारण एक ते दोन तास लागतात. अर्ध्या तासात ‘काही नाही’ म्हणून दुसरी घेणाऱ्याने पहिलीचा निकाल लागायच्या आधीच अपील केलेलं असतं. माझ्या दोन्ही गोळ्या हातात हात घालून जिना चढत होत्या, आणि त्यांना पुरेसा वेळ मिळावा अशी व्यवस्था सहकार खात्याच्या उपविधींनी आधीच करून ठेवली होती: पाच वाजता गणपूर्ती झाली नाही. अध्यक्षांनी दरवर्षीप्रमाणे गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. साडेपाचला त्याच जागी ती पुन्हा सुरू झाली. तोवर पहिलीला दीड तास झाला होता आणि दुसरीला एक.

तहकुबीच्या अर्ध्या तासात एकशेपाचने मला चहा दिला, इथपर्यंत मला आठवतं. चहाचा कप हिरवा होता. त्यानंतरचं मला काही सांगता येत नाही. या जातीच्या औषधांचा हा एक गुण आहे. माणूस बोलतो, चालतो, सह्या करतो, समोरच्याला जागाच वाटतो. पण त्या वेळेची आठवण डोक्यात उमटतच नाही. ऑपरेशनच्या आधी या गुणाचा उपयोग मुद्दाम करून घेतात. सर्वसाधारण सभेसाठी त्याची शिफारस कुणी केलेली नाही.

तेव्हा पुढची हकिगत तीनशेदोन यांनी मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणावरून. ते दरवर्षी पुरावा म्हणून चित्रीकरण करतात.

अहवालाची पहिली पानं मी सुरेख वाचली आहेत. आवाज खर्जातला, घाई नाही, हात स्थिर. नंतर हळूहळू मी दोन आकड्यांच्या मधे डोळे मिटून थांबू लागलो, आणि त्याला लोक वक्तृत्व समजले. मग ताळेबंदाची डावी आणि उजवी बाजू मी एकत्र करून वाचली. इथे तीनशेदोन उभे राहिले.

“खजिनदार, पाण्याच्या टाकीच्या बाबतीत...”

“आपलं अगदी बरोबर आहे.”

“मी अजून प्रश्न विचारलेला नाही.”

“तरी बरोबर आहे.”

टाळ्या. मग माझं औदार्य वाढतच गेलं. एकशेपाचने पार्किंगचा विषय काढला, तर मी माझी आच्छादित जागा त्यांना देऊन टाकली. इतिवृत्तात ठरावाचे सूचकही मीच आणि अनुमोदकही मीच. त्यावर हरकत आली तेव्हा मी हरकत घेणाऱ्याचंही बरोबर आहे म्हणालो. गच्चीच्या गळतीला जबाबदार कोण, या नऊ वर्षं रखडलेल्या वादात मी ती जबाबदारी वैयक्तिकरीत्या स्वीकारली. दिवाळीच्या फराळाचा खर्च माझ्याकडून. सगळं सर्वानुमते मंजूर.

शेवटी सेक्रेटरीपदाचा प्रश्न आला. जुने सेक्रेटरी मुलाकडे कॅनडाला निघाले होते आणि समितीतून कुणीही पुढे येत नव्हतं. “कोण तयार आहे?” असं विचारल्यावर चित्रीकरणात माझा हात वर जाताना दिसतो. नीट पाहिलं तर तो खाजवायला निघालेला हात आहे, मधेच दिशाभूल झाली. पदाधिकारी सभा निवडत नाही, समिती निवडते, हा मुद्दा तीनशेदोन यांनी तिथेही मांडला. म्हणून समितीने तिथल्या तिथे, जिन्याखाली, पाच मिनिटांची बैठक घेऊन मला रीतसर निवडलं. समितीची मुदत पाच वर्षं असते. आमची समिती नुकतीच आली होती.

आभारप्रदर्शन चालू असताना मी झोपलो. शेजारी तीनशेदोन होते. टाकीच्या प्रकरणापासून आमचं बोलणं बंद होतं आणि माझं डोकं त्यांच्या खांद्यावर. त्यांनी ते हलवलं नाही, मात्र दुसऱ्या हाताने चित्रीकरण चालू ठेवलं. थोड्या वेळाने मी ताडकन उठलो, सर्वांना बटाटेवडे आणतो असं जाहीर केलं आणि स्कूटरकडे निघालो. सरळ नाही, पण निघालो. स्कूटरची किल्ली तीनशेदोन यांनी माझ्या मुठीतून काढून घेतली आणि हिच्या हवाली केली. हिचं म्हणणं, त्यांनी पोचही मागितली.

माझ्या सगळ्या शहाणपणातला जीवघेणा भाग तो होता. पार्किंग गेलं, पद गळ्यात पडलं, हे हसण्यावारी नेता येतं. त्या अवस्थेत स्टेशनरोडवर स्कूटर घालणं हसण्यावारी गेलं नसतं.

मला वर आणून झोपवल्यावर हिने डॉक्टरांना फोन लावला, तोही स्पीकरवर, कारण दारात अर्धी सोसायटी उभी. त्यांचा पहिला प्रश्न: दारू घेतलीय का? नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध? गुडघ्यासाठी, पाठीसाठी ट्रामाडॉलसारखी गोळी? नाही. त्यांनी सुस्कारा सोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. नुसती ही गोळी सहसा श्वास थांबवत नाही; पण दारू किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकाबरोबर पडली की झोपेतच श्वास मंदावत जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अफूवर्गाबरोबरच्या या जोडीबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला, तो त्यामुळेच. हाक मारली तर उठतात का? उठून “मंजूर” म्हणाले. मग कुशीवर झोपवा, रात्रभर कुणीतरी श्वासाकडे लक्ष ठेवा. हलवूनही उठेनासे झाले, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा झाला, ओठ निळसर दिसले तर मला विचारत बसू नका, १०८ ला फोन करा.

“पण एवढ्याने इतकं व्हायला नको,” डॉक्टर म्हणाले. “आणखी काहीतरी पोटात आहे. घर शोधा.”

घर शोधलं गेलं. शोधात चारशेएकच्या काकूही होत्या. दाढीच्या डब्यातून इट्राकोनॅझोल निघालं, हिने त्याचं नाव फोनवर मोठ्याने वाचलं, आणि डॉक्टरांनी तेवढ्याच मोठ्याने, स्पीकरवरून, विचारलं, “नायटा? कुठे?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उठलो तेव्हा सोसायटीला माझ्याबद्दल माहीत नसलेलं असं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि माझा एकेक हिशेब पुसत गेले. आधी नायटा. अल्प्राझोलामची विल्हेवाट यकृतातलं एक विकर लावतं, आणि इट्राकोनॅझोल नेमकं त्याच विकराला अडवून धरतं. गोळी आत येत राहते, बाहेर जायचा रस्ता बंद. जपानमध्ये निरोगी पुरुषांना दोन्ही देऊन केलेल्या एका छोट्या अभ्यासात अल्प्राझोलामचा शरीरावरचा एकूण भार अडीचपटीच्या घरात गेला आणि ते रक्तात निम्मं व्हायला लागणारा वेळ साधारण सोळा तासांवरून चाळीस तासांवर. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही हाच उद्योग करतं. लिव्होसेटिरिझिनची आपली पेंग त्यावर वेगळी. कमरेच्या वर आणि खाली अशी वाटणी यकृताला मान्य नाही, ते मधोमध बसलेलं असतं.

मी बचावाला उभा राहिलो. दुपारी मोबाइलवर वाचून आलो होतो. चिंतेसाठी प्रौढ माणसाला सुरुवात ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. दिवसाची कमाल मर्यादा अमेरिकेत ४ मिलिग्रॅम, ब्रिटनमध्ये ३. “म्हणजे डॉक्टर, एक मिलिग्रॅम घेऊन मी मर्यादेच्या पाव भागातच होतो!”

“ती मर्यादा तुमच्यासाठी नाही,” ते म्हणाले. “ज्याच्या अंगाला गोळी हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली सवयीची झाली, त्याच्या वाढत गेलेल्या डोसाची ती वरची वेस आहे, आणि तीही दिवसभरात विभागून. तुम्ही पहिल्याच दिवशी, अर्ध्या तासात, नायट्याच्या औषधावर. म्हातारं माणूस असेल, यकृत कमजोर असेल, तर सुरुवातही याहून कमी; झोपेत श्वास अडकत असेल तर शक्यतो नकोच. आणि मिलिग्रॅमचं म्हणाल तर, काम्पोज माहीत आहे ना?”

काम्पोज कुणाला माहीत नाही? आमच्या लहानपणी कुणाकडे दुःखद प्रसंग झाला की जाणती मंडळी आधी रडणाऱ्या बाईला काम्पोज द्यायची, मग पुढच्या तयारीला लागायची. आत डायझेपाम. त्याचा जन्मदाता लिओ स्टर्नबाख, न्यू जर्सीत हॉफमन-ला रोश कंपनीत रसायनशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर चालली असताना कपाटात पडून राहिलेला एक जुना पदार्थ फेकण्याऐवजी तपासायला पाठवला गेला. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम आलं आणि १९६३ मध्ये डायझेपाम, व्हॅलियम नावाने. ही माहिती ऐकून मी हिला म्हणालो, “बघ, माळा आवरू नये म्हणतो ते उगीच नाही.” ही म्हणाली, त्यांनी आवरलं म्हणूनच सापडलं.

तर काम्पोजची नेहमीची गोळी पाच मिलिग्रॅमची. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हीदर अ‍ॅश्टन नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. १९८२ ते १९९४ त्यांनी केवळ या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. त्यांच्या तक्त्यात अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम, क्लोनाझेपाम अर्धा, लोराझेपाम एक आणि डायझेपाम दहा मिलिग्रॅम हे सगळे ढोबळमानाने एका तोलाचे. दुसरे तक्ते थोडे वेगळे आकडे देतात, पण चित्र तेच. मी मनातल्या मनात गुणाकार केला. एक मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे वीस मिलिग्रॅम डायझेपाम.

चार काम्पोज. खजिनदाराने सभेला जाताना चार काम्पोज खाल्ल्या होत्या. त्या दुपारी कुणी माझ्या हातावर त्या मोजून ठेवल्या असत्या तर मी पोलिसांना बोलावलं असतं. पॅरासिटामॉलच्या सव्वीसशेव्या भागाचा माझा भागाकार बिनचूक होता, फक्त त्याचा कशाशी काही संबंध नव्हता. मिलिग्रॅमच्या आकड्यावरून एका औषधाची ताकद दुसऱ्यावरून ताडता येत नाही. मुक्कामाचंही तसंच: अल्प्राझोलाम रक्तात निम्मं व्हायला सरासरी अकरा तास, वृद्धांत सोळाच्या आसपास, क्लोनाझेपामला तीस-चाळीस, डायझेपामला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत, आणि त्याचं शरीरात बनणारं पिल्लू तर शंभर तासांपर्यंत रेंगाळतं. शेजारणीची एक गोळी नाही तर दुसरी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी आता सेक्रेटरी होतो आणि नुकताच शहाणा झालेला. त्याच संध्याकाळी चारशेएककडे जाऊन मी काकूंना व्याख्यान दिलं. वयस्कर माणसांना या गोळीने तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, स्मरणावर परिणाम होतो, म्हणून म्हाताऱ्यांना शक्यतो देऊच नये असं अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या बिअर्स यादीत म्हटलंय, वगैरे. हे सगळं खरं होतं. त्यामुळे मी आणखी चढलो आणि म्हणालो, “काकू, आजपासून बंद. फेकून द्या ती पट्टी.”

काकू साध्या. त्यांनी खरोखरच कचऱ्याच्या बादलीत टाकली. रात्री मी मोठ्या अभिमानाने डॉक्टरांना फोन केला, आणि सभेच्या प्रकरणातही न चढलेला त्यांचा आवाज चढला. “ती पट्टी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!” वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्याने ती एकदम तोडली तर झोप साफ जाते, थरथर सुटते, चिंता दुप्पट होऊन येते आणि फिटही येऊ शकते. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच सांगितलंय, की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच, तेही त्रास खरोखर मोठा असेल तर. पण मुदत ओलांडून गेलेल्या माणसाला मागे आणायचं ते एकेक पायरीने, कित्येकदा महिनोन्महिने लावून. सोसायटीचा सेक्रेटरी रात्री नऊ वाजता बादली उपसत होता ते चारशेतीनने पाहिलं. ओला-सुका कचरा वेगळा न करणाऱ्या सभासदांचा शोध घेतोय, असं मी सांगितलं.

काकूंची गोळी आता त्यांचे डॉक्टर कमी करत आणताहेत. चमचाभर कुरकुर आणि कणभर कपात, अशी चाल आहे. वाटणं मात्र बंद.

मी त्या समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी मला नक्की कशाची भीती वाटते ते विचारलं. मी म्हणालो, तीनशेदोनच्या लाल पेनाची. त्या म्हणाल्या, मग अहवाल छापण्याआधीच त्यांना वाचायला का देत नाही? इतका साधा इलाज, आणि त्याला रजिस्टरही लागत नाही. यंदाचा मसुदा मी त्यांना जुलैतच नेऊन दिला. लाल खुणा पुष्कळ आल्या, पण घरात, चहाबरोबर. चहा बिनदुधाचा, साखर बेताची, तिथेही काटकसर.

पार्किंग परत मिळालेलं नाही. ठराव रद्द करायचा तर पुढच्या सभेत विषय घ्यावा लागेल, असं तीनशेदोन म्हणतात, आणि एकशेपाच तेव्हा गणपूर्ती होऊ देणार नाहीत.

तुम्हालाही अशी धडधड, घाम, उडालेली झोप असेल तर शेजारच्या पट्टीकडे जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. तेवढंही अवघड वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत बोलते. गोळी दिलीच, तर लिहिली तेवढीच, सांगितली तेवढेच दिवस; एखादी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन नकोत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही नको. आणि डॉक्टरांनी “आणखी काय चालू आहे?” असं विचारलं की सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, रात्रीचा पेग, सगळं सांगा. नायट्याची कॅप्सूल चालू असेल तर तीही सांगा. नायटा कुठे झालाय ते सांगायची गरज नाही.